उसने शब्द आणि घरचें अनेकवचन

परक्या भाषेंतून शब्द घेणें यांत कोणत्याही भाषेस कमीपणा नाहीं. शेजाऱ्यापाशीं कधीं कांहींच मागितलें नाहीं अशी भाषा पृथ्वीच्या पाठीवर सांपडणें कठीण. आणि सांपडलीच, तर ती बोलणारीं माणसें कधीं गांवची वेस ओलांडून गेलीं नसावींत असें खुशाल समजावें. तेव्हां वाद शब्द घेण्याचा नाहीं. घेतलेला शब्द आपल्या घरीं कोणत्या रीतीनें नांदवावयाचा, हा खरा वाद आहे. पाहुण्यास पाट मांडावा, पोटभर जेवूं घालावें. पण पाहुणा आला म्हणून घराचा उंबरठा बदलण्याचें कारण नाहीं. आमच्या सुशिक्षित वर्गानें मात्र पाहुण्यांबरोबर त्यांचे उंबरठेही उचलून आणावयास आरंभ केला आहे, आणि त्याविरुद्ध चार शब्द स्पष्टपणें लिहिणें आतां अवश्य झालें आहे.

'फॉर्म्युला' हा गणिताच्या वर्गांतला नेहमींचा शब्द घ्या. त्याचें अनेकवचन मराठींत काय करावें? एक पक्ष म्हणतो, शब्द मूळचा लॅटिन. त्याचें लॅटिन अनेकवचन इंग्रज लोक 'फॉर्म्युली' असें उच्चारतात. म्हणून सुशिक्षितानें तेंच वापरावें. दुसरा पक्ष म्हणतो, लॅटिनाचा काळ गेला. चालू इंग्रजीप्रमाणें 'फॉर्म्युलाज्' म्हणावें. आणि रावेरच्या शाळेंतला मुलगा, ज्याच्या कानांवर या दोन्ही पक्षांचें भांडण कधीं आलेलें नाहीं, तो सरळ म्हणतो, "सगळे फॉर्म्युले पाठ झाले." आमचें म्हणणें एवढेंच कीं, तो मुलगा बरोबर आहे आणि दोन्ही पक्ष चुकत आहेत. घोडा–घोडे, आंबा–आंबे, तसा फॉर्म्युला–फॉर्म्युले. शब्द उसना घ्यावा; प्रत्यय उसना घेऊं नये.

प्रथम लॅटिनाभिमान्यांचा समाचार घेऊं. त्यांची समजूत अशी कीं, खुद्द इंग्रजींत तरी हा प्रश्न कधींच सुटलेला असून लॅटिन शब्दास लॅटिन अनेकवचन हा तेथला शिष्टसंमत नियम आहे. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. 'ऑक्टोपस' हा आठ पायांचा समुद्रप्राणी पाहा. शेवटीं 'अस्' दिसला कीं लॅटिन समजावयाचें आणि त्याचा 'आय्' करावयाचा, या घाईंत पुष्कळ शहाण्यांनीं त्याचें 'ऑक्टोपाय' केलें. पण तो शब्द मुळांत ग्रीक. ग्रीकाशीं इमान राखावयाचें तर 'ऑक्टोपोडीझ' म्हणावें लागेल, आणि तसें म्हणणारा मनुष्य मासळीबाजारांत उपाशीच राहील! फाउलर या प्रसिद्ध कोशकारानें १९२६ सालच्या आपल्या इंग्रजी भाषाप्रयोगाच्या कोशांत 'ऑक्टोपाय' चूक ठरवून साधें 'ऑक्टोपसेस' पसंत केलें. म्हणजे इंग्रजी भाषेचा एवढा कडक पंच निकाल देतो तो घरच्या प्रत्ययाच्या बाजूनें.

'इग्नोरेमस' या शब्दाची गोष्ट याहून गमतीची आहे. त्याचा अर्थ अडाणी, मूढ. पण लॅटिनांत तें नाम नव्हेच. तें क्रियापद आहे, 'आम्हांस ठाऊक नाहीं' अशा अर्थाचें. इंग्लंडांत पुरावा अपुरा वाटला म्हणजे ज्यूरीचे लोक आरोपाच्या कागदावर हा शब्द लिहीत. पुढें १६१५ सालीं जॉर्ज रगल यानें याच नांवाचें एक लॅटिन प्रहसन केंब्रिज येथें राजापुढें करून दाखविलें. त्यांतल्या अर्धवट वकिलाचें नांव इग्नोरेमस होतें. तेव्हांपासून हें क्रियापद मूर्खाचें नांव होऊन बसलें. आतां त्याचें 'इग्नोरेमाय' करणें म्हणजे 'ठाऊक नाहीं' याचें अनेकवचन 'ठाऊक नाह्या' करण्यासारखें आहे. ज्या शब्दाचा अर्थच अडाणी, त्याचें अनेकवचन करतांना पंडिताचें पितळ उघडें पडावें, हा न्याय भाषेनेंच केला म्हणावयाचा.

आणि ज्या वाहनांत बसून आपण रोज जातों येतों, त्या 'बस'ची कुळकथा? 'ओम्निबस' हें लॅटिन शब्दाचें चतुर्थीचें अनेकवचन, अर्थ, 'सर्वांकरितां'. फ्रान्सांत हें नांव भाड्याच्या गाडीस पडलें. १८२९ सालीं शिलिबिअर नांवाच्या गृहस्थानें तशी गाडी लंडनांत सुरू केली. लोकांनीं लवकरच शब्दाचें मस्तक उडविलें आणि शेपूट तेवढें ठेवलें. म्हणजे 'बस' हा शब्द नव्हेच. तो अनेकवचनाच्या विभक्तिप्रत्ययाचा एक तुकडा आहे. 'सर्वांकरितां' यांतलें 'रितां' तेवढें तोडून गाडीस तें नांव द्यावें, तसा हा प्रकार. त्यावर इंग्रजांनीं आपला 'एस्' चढविला आणि 'बसेस' केलें. तो त्यांचा हक्क. पण आमचा मराठी बातमीदार जेव्हां "चार बसेस जळाल्या" असें लिहितो, तेव्हां तो एका लॅटिन प्रत्ययाच्या तुकड्यावर इंग्रजी प्रत्यय ठेवून, मराठीनें हात जोडून बाजूस उभें राहावें अशी अपेक्षा करतो.

याच इंग्रजीनें आमच्या शब्दांशीं कसा व्यवहार केला तें पाहण्यासारखें आहे. तिनें आमचा बंगला नेला. त्याचे 'बंगले' केले नाहींत, 'बंगलोज्' केले. पंडित नेला, त्याचे 'पंडिट्स' झाले. रुपया नेला, त्याचे 'रुपीज्' झाले. लंडनच्या एकाही वर्तमानपत्रांत कोणा सद्गृहस्थानें "हिंदी शब्दाचें अनेकवचन हिंदी व्याकरणाप्रमाणें व्हावें" अशी तक्रार केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. 'नवाब' हा तर मूळचाच अनेकवचनी शब्द. अरबींत 'नायब' याचें तें अनेकवचन, आदरार्थीं एकट्यासच लावलेलें. इंग्रजांनीं त्याचा 'नेबॉब' केला आणि वर 'एस्' चढवून 'नेबॉब्स' केलें, अनेकवचनाचें अनेकवचन! त्यांत त्यांस कांहीं लाजिरवाणें वाटलें नाहीं, आणि वाटावयासही नको होतें. ज्या भाषेचे आम्ही शिष्य म्हणवितों, तिच्यापासून हा एक गुण मात्र आम्ही घेतला नाहीं.

बरें, मराठीची स्वतःची परंपरा काय सांगते? आमच्या भाषेची आई म्हणून जिचा आपण गौरव करतों, त्या संस्कृताचीं तरी अनेकवचनें आम्ही कोठें ठेवलीं आहेत? संस्कृतांत 'राजानः', आमच्याकडे 'राजे'. संस्कृतांत 'फलानि', आमच्याकडे 'फळें'. पत्नी या अर्थाचा 'दार' शब्द संस्कृतांत पुल्लिंगी आणि तोही नित्य अनेकवचनी. मराठी माणसानें एकाच पत्नीविषयीं तसें लिहिलें तर घरांत कोणता प्रसंग ओढवेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. द्विवचन तर आम्ही बिनबोभाट नदींत सोडून दिलें. जेथें आईच्या प्रत्ययांपुढें मराठी नमली नाहीं, तेथें चार समुद्रांपलीकडच्या लॅटिनापुढें तिनें कां नमावें?

आतां अरबी–फारसीकडे वळूं. कारण या प्रकरणीं आमच्या खानदेशास बोलण्याचा विशेष अधिकार आहे. रावेरच्या पुढें थोड्याच अंतरावर बऱ्हाणपूर. फारुकी सुलतानांची ती राजधानी. १६०१ सालीं अकबरानें असीरगड घेतल्यावर खानदेश मोंगलांचा सुभा झाला, आणि सुभ्याची कचेरी, लष्कर, वसूल, न्याय हीं सारीं फारसींत चालूं लागलीं. अब्दुल रहीम, ज्यास 'खानखानान' ही पदवी होती, तो याच बऱ्हाणपुरास सुभेदार होता. त्या पदवींतलें 'खानान' हें फारसी अनेकवचनच आहे. अशा दरबारांच्या छायेंत मराठीनें शेंकडों शब्द उचलले. ते कसे उचलले?

'उमराव' हें 'अमीर' याचें अनेकवचन. मराठींत 'एक उमराव' झाला. 'अवलिया' हें 'वली' याचें अनेकवचन. मराठींत 'एक अवलिया' आणि, मौज अशी कीं, पुन्हां 'अवलिये'. 'अहवाल' हें 'हाल' याचें अनेकवचन. आमच्या संस्थांचा 'वार्षिक अहवाल' एकटाच प्रसिद्ध होतो, आणि 'हाल' मात्र आम्ही अनेकवचनींच सोसतों. 'अफवा' म्हणजे मुळांत 'तोंडें'; एका अफवेस किती तोंडें लागतात हें ठाऊक असूनही मराठीनें ती एकवचनी स्त्री करून टाकली. 'असामी' हें तर अनेकवचनाचेंही अनेकवचन. मूळ अर्थ 'नांवें'. आणि आमच्याकडे 'बडी असामी' एकटीच लोडाला टेकून बसते. कांहीं ठिकाणीं तर एकाच शब्दाचीं दोन्ही वचनें वेगवेगळ्या वाटांनीं येऊन स्वतंत्र नांदूं लागलीं. 'कायदा' हें एकवचन, 'कवाईत' हें त्याचेंच अनेकवचन. पण वकील एक करतो आणि शिपाई दुसरी. 'मसलत' हें एकवचन, 'मसाला' हें अनेकवचन. एक दिवाणखान्यांत शिजते, दुसरा स्वयंपाकघरांत. ज्यांस या विषयाची गोडी असेल त्यांनीं माधवराव पटवर्धनांचा १९२५ सालचा फार्शी–मराठी कोश अवश्य चाळावा.

या साऱ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. शब्दाचें मूळ वचन कोणतें याची चौकशी मराठीनें केली नाहीं. त्याचा अंत्य स्वर पाहिला, त्यास लिंग दिलें, आणि आपल्या गणांत बसविलें. हें अज्ञानामुळें झालें असें कोणी म्हणेल. पण त्या काळच्या चिटणिसांस फारसी आमच्या आजच्या इंग्रजीइतकी, कदाचित् अधिकच, येत होती. त्यांना मूळ ठाऊक नव्हतें असें नाहीं. मराठी लिहितांना त्या मुळाची मातब्बरी त्यांना वाटत नव्हती.

खुद्द लॅटिनही मराठीस नवें नाहीं. तें गोव्याच्या बंदरांतून पोर्तुगिजांच्या तोंडानें शतकांपूर्वींच आलें. 'चावी' हा शब्द पोर्तुगीज 'शाव्ह' यावरून, आणि तो लॅटिन 'क्लाविस' यावरून आला. लॅटिन अनेकवचन 'क्लावेस'; आमच्या आजीनें कमरेस लावल्या त्या 'चाव्या'. इंग्रजी अमदानींत आलेल्या शब्दांचीही तीच गत झाली. 'कॉलेज' हें लॅटिन 'कोलेजियम' याचें अपत्य. पहिल्या पिढीच्या पदवीधरांनीं त्यांचीं 'कॉलेजें' केलीं. 'म्युनिसिपालिटी' हाही लॅटिन मुळाचा शब्द. त्यांच्या 'म्युनिसिपालिट्या' झाल्या. 'कॅमेरा' हा शुद्ध लॅटिन शब्द, अर्थ 'खोली'; त्याचे 'कॅमेरे' झाले आणि कोणासही त्यांत वावगें दिसलें नाहीं. 'सर्कस' म्हणजे लॅटिनांत वर्तुळ, अनेकवचन 'सर्सी'. विष्णुपंत छत्र्यांनीं १८८० च्या सुमारास आपला खेळ उभा केला, आणि मराठी माणसानें म्हैस–म्हशी या वळणावर 'सर्कशी' करून, वाघसिंहांना 'सर्कशींत' नेऊन बसविलें. 'स'चा 'श' करण्याची ही खुबी कोणत्या कमिटीनें सुचविली होती? कोणत्याही नाहीं. ती भाषेच्या रक्तांत होती.

येथें थोडें व्याकरण सांगणें भाग आहे, कारण दुसऱ्या पक्षाचा, म्हणजे 'एस्'-वाद्यांचा, सारा भ्रम त्याच्या अभावावर उभा आहे. त्यांना वाटतें कीं 'फायली' म्हटलें काय आणि 'फाईल्स' म्हटलें काय, अर्थ एकच. मग हट्ट कशाला? दादोबा पांडुरंगांच्या १८३६ सालच्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत ज्या पायावर आमची नामप्रक्रिया मांडली गेली तो पाया असा: नामाचें अनेकवचन त्याच्या लिंगावरून व अंत्य वर्णावरून ठरतें, आणि विभक्तिप्रत्यय लागतांना त्या नामाचें सामान्यरूप होतें. लिंग, वचन आणि सामान्यरूप हीं तीन चाकें एकमेकांत गुंतलेलीं आहेत. एक काढलें कीं उरलेलीं दोन गडगडूं लागतात.

प्रत्यक्ष पाहा. 'फाईल' स्त्रीलिंगी, 'फायली', 'फायलींत', 'फायलींवरची धूळ'. येथें यंत्र सुरळीत चालतें. आतां 'फाईल्स' म्हणा. 'फाईल्स' यास सामान्यरूप नाहीं. म्हणून 'फाईल्समध्यें', 'फाईल्सवर' असें शब्दयोगी अव्ययांचें लांबलचक काम काढावें लागतें, आणि सुटसुटीत 'त' बिचारा बेकार होतो. 'कॉलेजांत' याऐवजीं 'कॉलेजेसमध्यें', 'बँकांत' याऐवजीं 'बँक्समध्यें'. याहून मोठें नुकसान लिंगाचें. 'चांगलीं कॉलेजें' म्हणणाऱ्याच्या मनांत कॉलेज नपुंसकलिंगी असतें. तोच मनुष्य इंग्रजी प्रत्यय लावतांच "चांगले कॉलेजेस" म्हणूं लागतो. नपुंसकलिंग कधीं पळालें याचा त्यास पत्ताही लागत नाहीं. "मोठे हॉस्पिटल्स", "नवे मशीन्स", हे सारे त्याच अपघातांतले जखमी. आणि शेवटीं भाषेची भूक स्वस्थ बसूं देत नाहीं म्हणून "टीचर्सांनीं सांगितलें" अशीं दुहेरी रूपें निघतात: इंग्रजी अनेकवचन झालें, त्यावर मराठीही झालें, आणि शिक्षक मात्र होते तेवढेच राहिले.

तेव्हां 'एस्' हा एक अक्षराचा निरुपद्रवी पाहुणा नव्हे. शब्द एकटा येतो तेव्हां भाषा त्यास पचविते. प्रत्यय येतो तेव्हां तो भाषेचें पचनच थांबवितो.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप. पहिला आक्षेप विनोदी आहे, आणि तो मोठ्या विजयोन्मादानें मांडला जातो: "तुमच्या नियमानें बसचें अनेकवचन 'बशी' होईल, मग आम्ही काय चहाच्या बशींत बसून जळगांवास जावें?" उत्तर सोपें आहे. जेथें घोंटाळा होतो तेथें भाषा स्वतः वाट काढते, त्यासाठीं इंग्रजी शाळेंत नांव घालीत नाहीं. तिनें 'बसगाड्या' हा सुरेख सामासिक शब्द केला. तिनें 'दोन बस आल्या' असें क्रियापदावरून वचन दाखविलें, जसें 'दोन घड उतरले' म्हणतांना दाखवितों. आणि १ जून १९४८ रोजीं पुण्याहून नगरास पहिली गाडी सुटल्यापासून ज्या एस. टी.नें महाराष्ट्राचीं खेडीं जोडलीं, तिच्या तर खेडुतांनीं कधींच 'एसट्या' करून टाकल्या. दोन इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें, आणि त्यांस 'काठी–काठ्या' या वळणाचा मराठी प्रत्यय! या शब्दास हंसणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, हीच शक्ति ज्या भाषेंत असते ती जिवंत असते. सातपुड्यापलीकडचे आमचे शेजारी हिंदींत 'बसें' आणि 'फाइलें' निःशंक लिहितात. गुजराथी बांधव 'बसो' म्हणतात. मधल्या आम्हांसच काय तो संकोच!

दुसरा आक्षेप थोडा विचार करण्यासारखा आहे. ते म्हणतात, "नोटा आणि नोट्स यांत भेद आहे, एक खिशांत असतात, दुसऱ्या वहींत. हा भेद इंग्रजी प्रत्ययामुळेंच राखतां आला." भेद आहे हें खरें, पण तो राखावयास 'टिपणें' हा सोन्यासारखा शब्द घरांत पडलेला आहे, आणि 'टिपा' तर त्याहून लहान. आणि 'लेडीज', 'चिप्स', 'सॉक्स' यांसारखे शब्द लोकांनीं अनेकवचनाच्या रूपांतच उचलून "एक लेडीज उभी होती", "एक सॉक्स हरवला" असे एकवचनी वापरले, याला आम्ही हंसत नाहीं. 'एक उमराव' ज्या वाटेनें आला त्याच वाटेनें ही 'एक लेडीज' आली आहे. इंग्रजांनींही 'पीज्' हा मूळचा एकवचनी शब्द अनेकवचनी समजून त्यांतून 'पी' हा एकटा वाटाणा सोलून काढला. लोकांची अशी चूक पुढें भाषेचें धन होते; पंडिताची चूक मात्र चूकच राहते, कारण ती शिकवून टिकवावी लागते.

तिसरा आक्षेप शास्त्राच्या नांवानें येतो: "'डेटा' हें 'डेटम' याचें अनेकवचन, म्हणून 'डेटा आला' चूक, 'डेटा आले' असें पाहिजे." या मंडळींनीं 'अजेंडा' शब्दाकडे एकवार पाहावें. तोही लॅटिनांत अनेकवचनी. अर्थ 'करावयाचीं कामें'. खुद्द इंग्रजींत तो एकवचनी होऊन त्याचें 'अजेंडाज्' झालें, आणि आमच्या सभांमधून 'अजेंडा' व 'अजेंडे' दोन्ही बिनतक्रार फिरतात. शास्त्राची अचूकता मोजमापांत असावी, प्रयोगांत असावी. परक्या भाषेच्या विभक्तींत ती नसते. भौतिकशास्त्राचा प्राध्यापक "पुरेसा डेटा मिळाला नाहीं" असें म्हणाला, तर त्याच्या संशोधनास कोठेंही भोंक पडत नाहीं.

उरला शेवटचा आक्षेप, जो कोणी उघड बोलत नाहीं पण जो सर्वांच्या मुळाशीं आहे: 'फायली' म्हणणें गांवठी दिसतें. हाच आमच्या मतें खरा रोग. आमच्या परिचयाच्या एका शाळेंत एका मुलीनें निबंधांत "वडिलांच्या टेबलावर पुष्कळ फायली होत्या" असें लिहिलें. शिक्षकांनीं तांबड्या शाईनें 'फायली' खोडून 'फाईल्स' केलें. ती मुलगी घरीं लेवा बोली बोलते. शाळेंत ती प्रमाण मराठी शिकावयास आली होती. तिला त्या दिवशीं जें शिकविलें गेलें तें मराठीही नव्हतें आणि इंग्रजीही नव्हतें. एवढेंच शिकविलें गेलें कीं, तुझ्या कानास आपोआप सुचलेलें बरोबर रूप लाज वाटण्यासारखें आहे. अशा शंभर तांबड्या रेघांनंतर मूल बोलतांना अडखळूं लागतें, आणि मग आपणच म्हणतों कीं मुलांना धड मराठी येत नाहीं.

त्या मुलीच्या कानाची योग्यता केवढी, हें पाहावयास रावेरच्या शिवारांत जावें. आमच्या भागाचें जीवन केळीवर चालतें. आणि या एका पिकाच्या नांवांत मराठीच्या वचनप्रक्रियेची सारी परीक्षा सामावलेली आहे. झाड तें 'केळ', स्त्रीलिंगी. त्याचें अनेकवचन 'केळी'. फळ तें 'केळें', नपुंसकलिंगी. त्याचें अनेकवचन 'केळीं'. पीक म्हणून बोलतांना पुन्हां 'केळी' हाच शब्द समूहवाचक एकवचनी होतो: "यंदां केळी चांगली साधली." सामान्यरूपें पाहिलीं तर 'केळीचें पान' झाडाचें आणि 'केळ्यांचीं सालें' फळांचीं. उच्चार जवळजवळ सारखा, अर्थ तीन, लिंगें दोन. आणि मृगबाग लावणारा वा कांदेबाग राखणारा शेतकरी, ज्यानें दामल्यांचें नांवही ऐकलेलें नाहीं, तो यांत एकदांही चुकत नाहीं. घड–घड, फणी–फण्या, खोड–खोडें, मुनवा–मुनवे, हें सारें त्याच्या जिभेवर आपोआप चालतें. त्याच जिभेनें त्यानें मोटारीच्या 'मोटारी', ट्रॉलीच्या 'ट्रॉल्या' आणि वॅगनच्या 'वॅगनी' केल्या. आणि या मनुष्यास शहाणपण शिकवावयास कोण निघतो? तर ज्यास 'चांगलीं कॉलेजें' नीट म्हणतां येत नाहीं तो!

आमच्या म्हणण्याचा विपर्यास होऊं नये म्हणून एक खुलासा अवश्य आहे. आम्ही परके शब्द हांकलून देण्याच्या मताचे नाहीं. सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या चळवळीनें 'महापौर', 'दिनांक' यांसारखे शब्द रूढ केले. त्यांचें ऋण मराठी मान्य करील. पण त्या चळवळीचा रोख शब्दावर होता, आमचा प्रत्ययावर आहे. जुने परके शब्द वगळले तर आमची कचेरी, बाजार आणि स्वयंपाकघर तिन्ही मुकीं होतील. 'फाईल' राहूं द्या, 'बँक' राहूं द्या, 'फॉर्म्युला' राहूं द्या. उद्यां आणखी शंभर येतील, तेही येऊं द्या. मात्र आलेल्या प्रत्येकास लिंग मिळालें पाहिजे, सामान्यरूप मिळालें पाहिजे, आणि तो एकाचा अनेक झाला तर मराठी रीतीनें झाला पाहिजे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हां गांवोगांव पेढे वांटले गेले, तें योग्यच झालें. पण अभिजातपणाची कसोटी ताम्रपटांत आणि शिलालेखांत जेवढी आहे तेवढीच ती आज सकाळीं आलेल्या शब्दास भाषा काय करते यांत आहे. त्यासाठीं सरकारी समिती नको आणि अनुदानही नको. संपादकानें 'बसेस' खोडून 'बसगाड्या' लिहावें. शिक्षकानें 'फायली' हा शब्द दिसतांच तांबडी शाई आंवरावी. आणि घरांत मूल "कॅमेरे", "बँका", "एसट्या" म्हणालें, तर आईबापांनीं त्यास सुधारूं नये. जमल्यास त्याच्यापासून शिकावें.